परातीत कालवलेल्या गोळ्या

नवरा हयात असलेल्या एखाद्या बाईला तुम्ही हळदीकुंकवाचं बोलावणं कधी टाळलंत का, केवळ तिच्या डोक्यावर केस नव्हते म्हणून?

"विसरलो" म्हणू नका. आमच्या गल्लीतल्या बायकाही विसरल्या नव्हत्या. संक्रांतीला बोलावणं करत फिरणारी बाई चौगुले बाईंच्या दारापाशी आली, की तिची चाल वाढायची. डावीकडच्या घरात बोलावणं, उजवीकडच्या घरात बोलावणं, आणि मधलं दार तिला अचानक दिसेनासं व्हायचं. त्या दारात चौगुले बाई उभ्या असायच्या. मुद्दाम. टाळणाऱ्या बाईला त्या मोठ्यानं विचारायच्या, "काय गं सुमन, पायात काटा मोडलाय व्हय? पळतीस का?"

वैजयंता चौगुले. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी मला चौथीला शिकवलं. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की शाळेच्या मागच्या बोळात माझ्या बापाच्या छापखान्यात ट्रेडल मशीन चालू असतानाही पाढे ऐकू यायचे. बाबा मोर्चांची, अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांची पत्रकं छापायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या रद्दी झालेल्या पत्रकांच्या पाठीवर. बाई छापखान्यात आल्या की ओली पत्रकं उचलून वाचायच्या आणि म्हणायच्या, "क्रांती करा, पण ऱ्हस्व-दीर्घ बघून करा."

त्यांचा एक नियम शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ होता. वर्गात खायचं काही आलं, की ते सगळ्यांचं. एका मुलीच्या मामाचं गुऱ्हाळ होतं. हंगामात ती गुळाचा खडा आणायची. बाई डस्टरच्या लाकडानं तो फोडायच्या आणि प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवायच्या. एकदा एका पोरानं मधल्या सुट्टीत तो खडा चोरून कुरतडला. बाईंनी त्याला अंगठे धरून उभं केलं. वाटणीची वेळ आली तेव्हा तो तसाच ओणवा. बाई त्याच्यापाशी गेल्या. "ऊठ. हात पुढं कर." पोरगं म्हणालं, "पण मी चोरला की बाई." बाई म्हणाल्या, "चोरल्याची शिक्षा झाली. आता वाटा घे. शिक्षा वेगळी, वाटा वेगळा."

हे वाक्य मी पुढं बऱ्याच सभांत ऐकलेल्या भाषणांपेक्षा जास्त वेळा आठवलंय. आणि याच स्वभावानं पुढं काय झालं, तेच मला सांगायचंय.

बाई निवृत्तीला आल्या तेव्हा त्यांच्या कानामागं रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. आपल्याकडं याला चाई म्हणतात. लोकांना वाटतं, किडा केस खाऊन जातो. किडा नसतो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच केसांच्या मुळांना शत्रू समजून त्यांच्यावर उठते. बाई सांगायच्या, "माझ्याच पहारेकऱ्यांनी माझं घर लुटलं." काहींचे केस आपोआप परत येतात. काहींचे येतात आणि पुन्हा जातात. बाईंचे गेले ते गेलेच. आधी डोकं, मग भुवया, मग पापण्यासुद्धा.

सासर हातकणंगल्याकडचं, घर मराठ्यांचं, रीत कडक. नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या तेव्हा डोक्यावर पदर घ्यायला त्यांनी नकार दिला होता. सासऱ्यांनी आठवडाभर त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. बाईंनी पदर घेतला नाही तो नाहीच. तीसेक वर्षांनी केस गेल्यावर सासूबाई गावाहून आल्या, त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पदर झिडकारलास. देवीनं केस नेलं. आता तरी झाक."

"आता तर अजिबात न्हाय," बाई म्हणाल्या.

आणि त्या तशाच हिंडल्या. टोप नाही, ओढणी नाही. भाजी मंडईत, बँकेत, रंकाळ्यावर, लग्नात. शुक्रवारी त्यांचे यजमान, चौगुले अण्णा, सवयीनं गजरा आणायचे. अण्णा मुळातच कमी बोलणारे. केस गेल्यावरही त्यांनी गजरा आणणं थांबवलं नाही आणि त्याबद्दल ते काही बोललेही नाहीत. बाई तो मनगटाला बांधायच्या.

एसटीत एकदा एका माणसानं उठून त्यांना जागा दिली. मी शेजारी उभी होते.

"बसा मावशी. केमो चालू हाय न्हवं?"

"न्हाय पावणं. चाई हाय."

"आँ? मग दुखत न्हाय?"

"न्हाय."

त्याचा चेहरा पडला. दया वाया गेल्यासारखा. बाई बसून घेत म्हणाल्या, "बसते तरी. गुडघा दुखतोय."

गाडीतली माणसं हसली. पण मागच्या बाकावर बसलेली, स्कार्फ घट्ट बांधलेली एक मुलगी हसली नाही. स्टँडवर उतरल्यावर ती बाईंच्या मागं मागं आली आणि खांबाआड उभी राहून म्हणाली, "बाई, मला बी हाय."

ती रूपाली. माहेर कोल्हापूरचं, दिलेली पेठ वडगावला. बाळंतपणानंतर तिला चाई लागली. डोकं मोकळं झालं तसं नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि सांगितलं, "केस आलं की घेऊन जातो." मुलगा मात्र ठेवून घेतला. बालवाडीतलं पोरगं. रूपालीला तो अधूनमधून व्हिडिओवर दिसायचा आणि तेव्हा ती स्कार्फ पुढं ओढून घ्यायची, कारण सासू मागून सांगायची, "पोराला भ्या दाखवू नगंस."

अशा बायका बाईंना सापडत गेल्या, किंवा त्यांनी बाईंना शोधलं. उघडं डोकं लांबून दिसतं. शनिवारी दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात त्या जमायच्या, दार लावून घ्यायच्या आणि स्कार्फ काढून खुंटीला अडकवायच्या. बाई धरून सहाजणी. भडंग, चहा आणि मोकळी डोकी. बाई म्हणायच्या, "वारा लागू दे जरा. मुळ्या मेल्या असतील, कातडी जिवंत हाय."

त्याच सुमाराला शहरातल्या एका दवाखान्यात मुजावर डॉक्टरांनी एक चाचणी सुरू केली. गोळी नवी नव्हती. अंगावर पित्त उठलं, शिंकांनी नाक गळायला लागलं की आपण घेतो, तीच ॲलर्जीची जुनी गोळी. ती चाईवर काम करते का, हे त्यांना तपासायचं होतं. नेहमीचा उपचार सगळ्यांना चालू ठेवायचा. त्याच्या जोडीला निम्म्यांना ती गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाच्या बाटलीत काय आहे, हे रुग्णालाही ठाऊक नसणार आणि डॉक्टरांनाही.

इथं थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या, स्वस्त गोळीची चाचणी करायला कुणी पैसेवाला पुढं येत नाही. ज्यात नफा नाही त्यात उत्तर शोधायची घाई कुणाला असणार? चाईनं माणूस मरत नाही, म्हणून सरकारलाही घाई नाही. नवीन औषधं आहेत, पण त्यांच्या किमती ऐकून रूपालीसारखी मुलगी दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरते. अशा वेळी एक डॉक्टर हट्टानं परवानग्या मिळवते आणि चाचणी उभी करते. ही डॉक्टर आमच्याच बाजूची होती. हे विसरू नका. मीही विसरत नाही.

बाई बाकीच्या पाचजणींना घेऊन गेल्या. सह्या झाल्या, बाटल्या मिळाल्या. परत येताना रिक्षात रूपालीनं विचारलं, "बाई, माझ्या बाटलीत खोटी गोळी असली तर?"

बाईंनी तिची बाटली हातात घेऊन हलवून पाहिली. पुढच्या शनिवारी त्यांनी सहाही बाटल्या मागून घेतल्या. ओट्यावर पीठ मळायची मोठी परात ठेवली. सगळ्या बाटल्या त्यात रित्या केल्या आणि दोन्ही हातांनी, भडंग कालवावं तशा, गोळ्या कालवल्या. मग मोजून पुन्हा बाटल्यांत भरल्या. प्रत्येकीला सारख्या. "आता कुणी उपाशी न्हाय," त्या म्हणाल्या. "निम्मं का हुईना, सगळ्यांच्या पोटात जाईल." दर वेळी नव्या बाटल्या मिळाल्या की परात निघायची. बायका त्याला वानवळा म्हणू लागल्या. शेतातलं पहिलं पीक शेजारीपाजारी वाटतात, तो वानवळा.

या बाया अडाणी होत्या, असं कुणी म्हणू नये. त्यांच्यात एक नर्सबाईची बहीण होती, एक दूध संघात कामाला होती आणि बाई तर मास्तरीण. दवाखान्यानं दिलेल्या गोष्टीची वाटणी अन्यायाची आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं आणि त्यांनी ती आपल्या रीतीनं दुरुस्त केली.

काही महिन्यांत रूपालीच्या डोक्यावर लव आली. पांढुरकी, पिलाच्या अंगावर असते तशी. सासू वडगावहून बघायला आली. तिनं बोट फिरवून पाहिलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "दिवाळी झाली की येतो न्यायला." रूपालीनं त्या दिवशी मुलासाठी चप्पल घेतली. माप माहीत नव्हतं. अंदाजानं घेतली.

बाईंनी मला फोन केला. "छापखान्याची पोरगी हैस न्हवं? ये दवाखान्यात. लिहून काढ सगळं. पत्रक काढण्यासारखं हाय."

मी गेले. मुजावर डॉक्टर रूपालीच्या डोक्यावरून भिंग फिरवत होत्या. "चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यात काही म्हणता येणार नाही."

बाई बाकावरून म्हणाल्या, "म्हणा की. आम्ही कुणाला उपाशी ठेवलंच न्हाय."

"म्हणजे?"

"तुमच्या खऱ्या-खोट्या गोळ्या आम्ही एकत्र केल्या. परातीत. सगळ्यांनी सारख्या घेतल्या."

डॉक्टरांनी भिंग टेबलावर ठेवलं. "कधीपासून?"

"पहिल्या बाटलीपासून."

"सहाजणींनी?"

"व्हय. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं पीठ, हे तुमालाबी ठाऊक न्हाय म्हणता. मग न्याय कुणी करायचा?"

डॉक्टर खुर्चीत बसल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "चौथीच्या परीक्षेत सगळ्या पोरांचे पेपर एकत्र करून मार्क सारखे वाटलेत का कधी?"

"परीक्षा वेगळी."

"ही परीक्षाच होती. तुमची नव्हे, गोळीची. चाईत केस कधी कधी आपोआप येतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. हिची ही लव गोळीनं आली की आपोआप आली? दोन गट वेगळे राहिले असते तर हिच्यासारख्या बऱ्याच जणींकडं बघून ते कळलं असतं. आता नाही कळणार. तुमच्या सहाजणी बाजूला काढल्या तर मागं माणसं उरतात किती? आधीच कुणी यायला तयार नव्हतं."

बाहेर रांगेतल्या कुणाचं तरी मूल रडत होतं.

"हे आधी का सांगितलं न्हाय?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा खाली आलेला ऐकला.

"सांगितलं होतं. निम्म्यांना औषध नसलेली गोळी मिळेल, असं सांगितलं."

"मिळंल, हे सांगितलं. का मिळंल, हे न्हाय."

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या रांगेकडं पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ मी काढला नाही."

रूपालीनं स्कार्फ हातात गोळा करून धरला होता. "मग माझं आता काय?" ती म्हणाली. तिचा प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता.

चाचणी गुंडाळली गेली. डॉक्टरांनी रूपालीला सांगितलं, गोळी दुकानात मिळते, माझ्या देखरेखीखाली हवी तर घे, पण ती लागू पडते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रूपालीनं ती घेतली. दिवाळीच्या आतच लव गळली. उशीवर दिसलीसुद्धा नाही, इतकी बारीक होती. न्यायला कुणी आलं नाही.

मग बाई रूपालीला घेऊन पेठ वडगावला गेल्या. तिथलं मला रूपालीनं सांगितलं. बाई बाहेरच्या सोप्यात बसल्या आणि सासूला म्हणाल्या, "केसांशी संसार केला हुता काय तुमच्या लेकानं?" सासू शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्याच हातानं बिघडलं की. चांगलं उगवत हुतं. आता आमाला कशाला शिकवताय?"

खरं तर बाईंनी बिघडवलं होतं की नाही, हेही कुणाला सांगता येत नव्हतं, आणि बिघाड झाला तो नेमका हाच. एवढ्यात आतून रूपालीचा मुलगा आला. त्याच्या हातात तांब्या होता. आजी म्हणाली, "दे, पावण्यास्नी पाणी दे." त्यानं आधी बाईंना दिलं, मग आईला. पाव्हण्यांना देतात तसं, खाली बघत. चप्पल रूपालीच्या पिशवीतच राहिली. मुलाचे पाय त्या चपलेपेक्षा मोठे झाले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई छापखान्यात आल्या. उभ्यानंच मजकूर सांगितला, मी लिहून घेतला. वर मोठ्या अक्षरात: गोळी वाटू नका. खाली त्यांचेच शब्द: "दोन वाफे करा. एकाला खत घाला, एकाला घालू नका. मग बघा खतानं काय झालं. दोन्ही वाफ्यांत खत कालवलं तर पीक आलं तरी कळणार नाही आणि बुडालं तरी कळणार नाही. औषध नसलेली गोळी फसवायला देत नाहीत. ती दुसरा वाफा असते. मी शिक्षिका असून मला हे कळलं नाही. तुम्ही विचारा. समजेपर्यंत विचारा. समजल्याशिवाय सही करू नका."

बाबा छपाईचे खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "बाई, जन्मभर वाटून घ्या म्हणून छापलं. आज हे उलटंच की."

"उलटं न्हाय," बाई म्हणाल्या. "भाकरी वाटायची. पुरावा वाटायचा न्हाय."

त्या थंडीत बाई सकाळी सकाळी दवाखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहायच्या. उघडं डोकं, मनगटावर शिळा गजरा, हातात पत्रकं. काही लोक त्यांना कुठल्या तरी देवस्थानाच्या बाई समजून पाया पडायचे, तेव्हा त्या पत्रक त्यांच्या हातात कोंबायच्या. मुजावर डॉक्टरांनी एक पत्रक नेऊन आपल्या दाराला चिकटवलं. त्या पुन्हा परवानगीसाठी अर्ज करताहेत, असं कळलं. गोळ्या कालवलेल्या सहाजणींना नव्या चाचणीत घेता येणार नव्हतं. "मला कशाला?" बाई रांगेतल्या एका स्कार्फवाल्या मुलीकडं बोट करून म्हणाल्या. "माझा वाफा गेला. हिचा बघा."

परवानगी यायच्या आत, एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना बाई खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं.

बाई सवाष्ण गेल्या होत्या. आमच्याकडं सवाष्णीला नटवून पाठवतात. हिरवं पातळ आलं, बांगड्या आल्या, मळवट भरला. ज्या बायका संक्रांतीला चाल वाढवायच्या त्याही आल्या होत्या. आता मात्र सगळ्यांच्या हातात हळदकुंकू होतं. एकीनं वेणी आणली होती आणि ती कुठं माळायची हे न कळून ती तशीच हातात धरून उभी होती. अण्णांनी ती तिच्याकडून घेतली, बाईंच्या मनगटाला बांधली आणि बाहेर जाऊन बसले.

तेवढ्यात सासूबाईंना धरून पुढं आणलं. नव्वदीच्या म्हातारीनं पातळाचा पदर ओढला, बाईंच्या डोक्यावर नीट घेतला आणि कपाळापर्यंत सारखा केला. "शेवटी झाकलंच," ती म्हणाली. त्यात दुष्टावा नव्हता. ती रडतही होती. एवढ्या बायकांत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. एवढी वर्षं न जमलेली गोष्ट, बाई विरोध करू शकत नव्हत्या तेव्हा, एका मिनिटात झाली.

तिरडीला खांदा लागणार एवढ्यात रूपाली गर्दीतून पुढं आली. तिनं आधी स्वतःचा स्कार्फ सोडला. चारचौघांत, अंगणात, भर दुपारी. मग खाली वाकून बाईंच्या डोक्यावरचा पदर मागं घेतला आणि खांद्याखाली दाबून ठेवला, पुन्हा वर येऊ नये म्हणून. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. ती म्हणाली, "राहू दे. त्यास्नी वारा लागतोय."

बोळाच्या वळणापर्यंत ते उघडं डोकं मला दिसत होतं. उन्हात, गुलालाखाली.

रूपाली अजून माहेरीच आहे. मुलगा अजून वडगावलाच आहे. आणि ती गोळी लागू पडते की नाही, याचं उत्तर अजून कुणाकडंच नाही.

म्हणून तुम्हाला मागणं आहे. ती चाचणी पुन्हा उभी राहील तेव्हा, तुमच्या घरात किंवा शेजारी डोकं झाकून बसलेली जी कुणी असेल, तिला घेऊन जा आणि आपली गोळी आपणच घ्यायला सांगा. तुम्ही डॉक्टर असाल, तर सहीआधी तिला 'का' ते सांगा, रांग कितीही लांब असो. आणि तोवर, येत्या संक्रांतीला बोलावणं करत निघालात आणि ते एक दार आलं, की चाल वाढवू नका. थांबा. कडी वाजवा.